पंपाची वायर

जयवंता गेली ती मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरमध्ये पाणी भरताना. कूलर तिच्या नवऱ्याच्याच फॅक्टरीत बनलेला होता.

नवरा म्हणजे गिरिधर वाकोडे. कळमेश्वरच्या एमआयडीसीत ओमप्रकाशजींची कूलरची फॅक्टरी होती, तिथे तो प्रॉडक्शन सांभाळायचा. नंदनवनात दोन खोल्यांचं भाड्याचं घर, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्या दुपारी तो पत्रा कापायच्या मशीनजवळ उभा होता, तेव्हा घराशेजारच्या किराणा दुकानातून ऑफिसात फोन आला. ‘वहिनीले करंट लागला, लवकर या,’ एवढंच दुकानदार बोलला.

तो पोहोचला तेव्हा तिला ओसरीत आणून ठेवलं होतं. कोणीतरी प्लग उपटून काढला होता. खोलीभर पाणी. कूलरची एका बाजूची खसची ताटी भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि तिच्याशेजारी अर्धी भरलेली बादली तशीच उभी. गिरिधरनं ती बादली उचलली, मोरीत रिकामी केली आणि पालथी घातली. मग लोकांनी सांगितलं तिथे जाऊन बसला.

पोलीस येऊन पंचनामा करून गेले. सगळं पार पडलं. त्या दिवसांत गिरिधर रडला नाही. सोंग करत नव्हता, रडूच येत नव्हतं. कोणी चहा दिला की तो प्यायचा, कोणी आंघोळ करा म्हटलं की करायचा. त्याची बहीण शोभाताई नवऱ्याला हळूच म्हणाली, “यानं एकदा रडून घेतलं पाहिजे वो. असं बरं नाई.” गिरिधरनं ते ऐकलं. तिचं म्हणणं त्याला पटलंही. पण ते कसं करायचं हे काही त्याला समजेना.

तेरवी झाली. पाहुणे आपापल्या गावी गेले. जयवंताची आई भागीरथाबाई तेवढी राहिली. सावनेरकडच्या खेड्यात तिचं घर होतं, शेती मुलगा पाहायचा. ‘मी थांबते’ असं ती म्हणाली नाही आणि ‘थांबा’ असं तिला कोणी म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चूल पेटवली आणि जावयाचा डबा भरून ठेवला. गिरिधर तो डबा घेऊन फॅक्टरीत गेला.

फॅक्टरीत त्या वर्षी एक अभ्यास चालू होता. ओमप्रकाशजींनी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मनोहरराव नावाच्या प्राध्यापकांना वर्षभरासाठी बोलावलं होतं. माल कसा बनवावा, त्याची रचना कशी असावी, तो गावोगाव कसा पोचवावा, या तिन्ही गोष्टी एकत्र तपासून सुधारणा सुचवायच्या, असं काम होतं. मनोहररावांच्या हाताखाली फॅक्टरीकडून गिरिधरच होता. मनोहरराव सभ्य माणूस. तेरवीनंतर गिरिधर पहिल्यांदा समोर आला, तेव्हा त्यांनी आधी त्याला खुर्ची दिली. चष्मा पुसत ते म्हणाले, “वाकोडे, तुम्ही म्हणाल तर हे काम दुसऱ्या कोणाकडे देऊ.”

“नको सर,” गिरिधर म्हणाला. “मी करतो. फक्त आधी माझ्या घरचा कूलर उघडून बघायचा आहे.”

फॅक्टरीच्या मेटॅडोरमधून त्यानं तो कूलर आणला आणि शेडच्या मधोमध ठेवला. वायरिंगचा फोरमन रुपराव दूर उभा राहून बघत होता. सीझनभर प्रत्येक कूलरची वायर त्याच्याच हाताखालून जायची. तेरवीपासून तो गिरिधरच्या वाटेतच येत नव्हता. गिरिधरनं मागचा पत्रा काढला. पंपाची वायर टाकीतून वर येऊन मागच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दुमडीवरून बाहेर जात होती. त्या दुमडीपाशी वायरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं तसं गेलं होतं. आतली तांब्याची तार दिसत होती, चकचकीत.

“साहेब,” रुपराव जवळ आला. “माही लेकरं डोयापुढं ठेवून सांगतो, असं काम मी सोडलं नाई.”

“मले माहीत आहे,” गिरिधर म्हणाला. “ही नंतर घासली आहे. कुठं घासली ते पाहू.”

तो कूलर मागच्या सीझनमध्ये चंद्रपूरला गेला होता आणि तिथे न विकता परत आला होता. असा परत आलेला माल फॅक्टरीतले लोक कधी घरी नेत, तसा गिरिधरनं नेला होता. गोदामात असे आणखी काही होते. पुढचे काही दिवस तो आणि मनोहरराव एकेक कूलर उघडत बसले. जे कधी फॅक्टरीबाहेर गेले नव्हते, त्यांच्या वायरी धड होत्या. सीताबर्डीच्या दुकानांत जाऊन त्यांनी तिथलेही तपासले. तेही धड. लांबून परत आलेल्यांतल्या बऱ्याच वायरी मात्र कोपऱ्यात घासलेल्या निघाल्या, कोणाची थोडी, कोणाची जास्त.

“रस्ता,” मनोहरराव म्हणाले.

जूनच्या सुरुवातीला चंद्रपूरला शेवटचा माल जायचा होता. गिरिधर ट्रकमध्ये ड्रायव्हर कवडूच्या शेजारी बसला. निघण्याआधी त्यानं मागचे काही कूलर उघडून त्यांच्या वायरी बघून ठेवल्या होत्या. ट्रक नागपूर सोडून महामार्गाला लागला तसा मागून आवाज सुरू झाला. खडखड, खडखड. प्रत्येक कूलरच्या टाकीत पंप नुसता ठेवलेला असायचा, आणि ट्रकच्या धक्क्यांनी तो टाकीत इकडून तिकडे आपटायचा. प्रत्येक आपटण्याबरोबर वायर ओढली जाऊन पत्र्याच्या दुमडीवर घासायची.

“नेहमीच वाजते का गा असं?” गिरिधरनं विचारलं.

“हाव साहेब. आता ऐकूच नाई येत मले,” कवडू म्हणाला. “रिकामे डब्बे नेऊन राहिलो असं वाटते. एवढा मोठा ट्रक, अन् वजनच नाई.”

वरोऱ्याजवळ ते एका ढाब्यावर जेवले. गिरिधरनं भाजी-पोळी खाल्ली, वर ताक मागवलं. चंद्रपूरला पोचल्यावर त्यानं तेच कूलर पुन्हा उघडले. एका खेपेतच काही वायरींवर कोपऱ्यापाशी पांढरट खरवड पडली होती. त्यानं बोट फिरवून बघितलं. उत्तर सापडलं होतं. काहीतरी वाटायला हवं, राग तरी यावा, असं त्याला वाटलं. तो थोडा वेळ थांबला. काहीच आलं नाही. मग त्यानं ते कूलर दुकानदाराला न देता पुन्हा ट्रकमध्ये चढवायला सांगितले.

परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी भागीरथाबाई ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. इतके दिवस तिनं विचारलं नव्हतं, ते तिनं तेव्हा विचारलं.

“जावईबापू, काहून मेली माही पोरगी?”

गिरिधर तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. आधी वायरीसाठी मागच्या पत्र्यात वर एक वेगळं भोक असायचं, त्यात रबराची चकती बसवायचे. दोन वर्षांपूर्वी काम लवकर उरकावं म्हणून ते भोक पाडणं बंद केलं आणि वायर कोपऱ्यातूनच काढायची ठरली. ठरवताना ओमप्रकाशजी होते, रुपराव होता, तो स्वतःही होता. तिघांनाही ते बरोबर वाटलं होतं. पंप टाकीत सुटा ठेवायचा, कारण दुकानदाराला तो काढून दाखवायला सोपा जातो. ट्रक ड्रायव्हर ट्रक चालवतो तसाच चालवतो. घरातल्या पाइंटाला अर्थिंग नव्हतं, ते घरमालकानं कधी केलंच नव्हतं. फॅन चालू असताना पत्रा थरथरतो, तार पत्र्याला लागते, आणि तेव्हाच जयवंताचा ओला हात…

“म्हंजे कोनाचा दोष?” भागीरथाबाईनं मध्येच विचारलं.

“सगळ्यांचा, मामी. थोडाथोडा. माझाही.”

“थोडाथोडा म्हंजे कोनाचाच नाई,” ती म्हणाली. तिचे हात तांदळात तसेच थांबले होते. मग तिनं सूप बाजूला ठेवलं. “अन् असे दुसऱ्याच्या घरी किती असतीन?”

गेल्या दोन सीझनचा सगळा माल लोकांच्या घरांत होता.

पावसाळाभर त्यानं आणि मनोहररावांनी नवा कूलर केला. कूलरचा डबा फॅक्टरीत जोडायचाच नाही, पत्रे सपाट एकावर एक ठेवून पाठवायचे, दुकानात नटबोल्टनं जोडायचे. पंप आणि वायर वेगळ्या खोक्यात, पेंढ्यात बसवून. वायर पुन्हा वरच्या भोकातून, रबर लावून. पाणी भरायला बाहेरून तोंड, म्हणजे चालू कूलरची ताटी काढायला नको. जोडणीचं काम दुकानदारांच्या मेकॅनिककडे गेलं, त्यासाठी रुपरावनं गावोगावच्या माणसांना बोलावून शिकवलं. फॅक्टरीतला जोडणीचा अर्धा शेड रिकामा झाला, तिथे पत्र्याचं नवं मशीन आलं.

ओमप्रकाशजी खूश होते. त्यांचे आजोबा नागपुरात आले होते, पण घरात बोली अजून हिंदीच होती, आणि बोलताना ते दोन्ही मिसळत. सपाट पत्र्यांनी भरलेला पहिला ट्रक त्यांनी स्वतः उभं राहून बघितला. “एवढे दिवस आपण काय ढोत होतो, वाकोडे? हवा! ट्रक भर भर के हवा!” त्यांनी गिरिधरच्या पाठीवर थाप मारली. मग आठवल्यासारखा हात काढून घेतला.

“जुन्या मालाचं काय करायचं?” गिरिधरनं विचारलं.

“जुना माल विकला गेला.”

“तोच म्हणतो मी.”

ओमप्रकाशजी त्याला ऑफिसात घेऊन गेले. दार लावून म्हणाले, “देखो, मी वाईट माणूस नाही. पण पेपरात आलं की ह्या कूलरचा करंट लागतो, तर फॅक्टरी बंद. शंभर घरं चालतात इथून. तुम ऐसा करो, सीझनच्या आधी फ्री सर्व्हिस द्या. घरोघर जा, वायर बदला, रबर लावा. कारण सांगू नका. काम झालं ना, मग झालं.”

गिरिधरनं मान हलवली. काम होत होतं, एवढंच त्याला त्या वेळी पुरेसं वाटलं.

फेब्रुवारीपासून तो आणि रुपराव पिशवी घेऊन निघू लागले. पिशवीत टेस्टर, भोक पाडायला हातड्रिल, वायर, रबराच्या चकत्या. आधी नागपूर, मग वर्धा, हिंगणघाट, चंद्रपूर. दुकानदारांकडून गिऱ्हाइकांचे पत्ते घ्यायचे आणि दार वाजवायचं. माळ्यावर टाकलेले, गोठ्यात ठेवलेले, कपड्यांचं गाठोडं भरून ठेवलेले कूलर लोक काढून देत. कंपनी घरी येऊन फुकट दुरुस्ती करते याचं सगळ्यांना नवल वाटायचं. चहा मिळायचा, कुठे पोहे मिळायचे. “अशी कंपनी पाह्यली नाई बाप्पा,” लोक म्हणायचे, आणि शेजाऱ्यालाही हाच कूलर घ्यायला सांगायचे. मार्चमध्ये ऑर्डरी वाढल्या. हे ऐकून रुपराव रस्त्यावरच खाली मान घालून थांबला. “साहेब, हे काही बरोबर वाटून नाई राहिलं,” तो म्हणाला. गिरिधर पुढच्या पत्त्याचं घर शोधत होता.

चंद्रपुरात इंदूबाई नावाच्या एका बाईंचं घर होतं. सून नोकरीवर गेलेली, दोन नाती अंगणात खेळत होत्या. इंदूबाईंनी पडवीतला कूलर पुसून पुढे केला.

“चालते तर चांगला,” त्या म्हणाल्या. “फक्त मांगच्या उन्हाळ्यात हात लावला का मुंग्या यायच्या. या पोरी तर मुद्दाम लावतेत हात. एक हात लावते, दुसरी तिचा हात धरते, अन् दोघी हासत बसतेत.”

रुपरावनं गिरिधरकडे बघितलं. गिरिधरनं मागचा पत्रा काढला. दुमडीपाशी वायर उघडी पडली होती, त्याच्या घरच्या वायरीसारखीच, त्याच जागी. तो ती काढू लागला. इंदूबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या.

“माझी बायको गेली या कूलरनं,” गिरिधर म्हणाला.

आवाज त्याचा नेहमीचाच होता. एखादी बस किती वाजता सुटते ते सांगावं तसा. “म्हणजे याच्यासारख्या. वायर इथं घासते, मग पत्र्यात करंट उतरते. तिचा हात ओला होता. आम्ही सर्व्हिसिंगले नाही आलो, मावशी. आम्ही यासाठी आलो.”

इंदूबाईंनी कप खाली ठेवले. अंगणात जाऊन दोन्ही नातींना हात धरून आत आणलं आणि स्वैपाकघरात बसवलं. परत आल्या तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं.

“मग हे तुमी सांगत काहून नाई लोकाईले?”

गिरिधर नवी वायर वर पाडलेल्या भोकातून ओवायचा प्रयत्न करत होता. ती जाईना. तिचं टोक तो पुन्हा पुन्हा भोकाच्या बाजूला, पत्र्यावरच टेकवत होता. रुपरावनं त्याच्या हातातून वायर घेतली. गिरिधर उठून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. समोर एक माणूस सायकलची चेन बसवत होता. गिरिधर त्याच्याकडे बघत राहिला, रुपराव बाहेर येईपर्यंत.

त्यानंतरच्या प्रत्येक घरात त्यानं खरं कारण सांगितलं. काही लोक घाबरले, काहींनी शिव्या दिल्या, एका घरी कूलर त्यांच्यासमोर रस्त्यावर आणून टाकला. चहा बंद झाला. आठवड्याच्या आत दुकानदारांचे फोन ओमप्रकाशजींकडे येऊ लागले.

“तुमने बोला?” ओमप्रकाशजींनी विचारलं. गिरिधर त्यांच्या टेबलासमोर उभा होता.

“हो.”

“मना केला होता.”

“हो.”

ओमप्रकाशजींचा चेहरा लाल झाला होता. ते मोठ्यानं बोलणार असं वाटलं, पण आवाज बसल्यासारखा आला. “मी काय समजू, वाकोडे? बदला घेतला माझा?”

“नाही,” गिरिधर म्हणाला, आणि ते खरंच होतं. “इंदूबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या नाती कूलरले हात लावून खेळायच्या. तिथं मग सांगून गेलो.”

ओमप्रकाशजी खिडकीकडे वळले. “माताजींच्या खोलीत पण तोच कूलर आहे,” ते हळूच म्हणाले. “उसी साल का.”

“त्याची वायर मी मागच्या जूनमध्येच बदलली. तुम्ही दिल्लीले होते.”

ओमप्रकाशजींनी मान वळवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलावरची घंटी वाजवून त्यांनी मुनीमजींना बोलावलं आणि पेपरात नोटीस द्यायला सांगितली. अमुक दोन वर्षांतले कूलर तपासल्याशिवाय सुरू करू नयेत, पंपाच्या वायरीत दोष असू शकतो, आमची माणसं घरी येतील. ‘दोष’ हा शब्द बदलू का, असं मुनीमजींनी विचारलं. “रहने दो,” ओमप्रकाशजी म्हणाले.

तो सीझन वाईट गेला. काही दुकानदारांनी माल परत पाठवला, दोघांनी फॅक्टरीशी संबंधच तोडले. पण ज्यांच्याकडे जुने कूलर होते त्यातले बरेच तपासून झाले, आणि त्या उन्हाळ्यात त्या कूलरनं कोणी दगावल्याचं कानावर आलं नाही. पुढच्या सीझनसाठी सपाट पत्र्यांचे ट्रक जबलपूर, रायपूरपर्यंत जाऊ लागले. फॅक्टरी बंद पडली नाही.

त्याच हिवाळ्यात मनोहररावांनी इंजिनिअर लोकांच्या एका सभेत या अभ्यासावर निबंध वाचला. सगळा इंग्रजीत होता. एका ट्रकमध्ये आता किती जास्त माल बसतो, जोडणीचा वेळ कसा वाचतो, ते त्यांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं. टाळ्या पडल्या. मग त्यांनी गिरिधरला चार शब्द बोलायला सांगितलं. तो उठला. समोर कोट घातलेली माणसं बसली होती.

“वायर आता वरून जाते,” तो म्हणाला. आणखी काही सुचेना, म्हणून खाली बसला. लोकांना वाटलं, बोलायची सवय नसेल.

भागीरथाबाई एवढे दिवस नंदनवनातच होती. कापूस वेचायला माणसं मिळत नाहीत म्हणून मुलानं गावाहून निरोप पाठवला, तेव्हा तिनं आपलं गाठोडं बांधलं. गिरिधर तिला सावनेरच्या बसमध्ये बसवायला स्टँडवर गेला. खिडकीपाशी जागा मिळाली. बस सुटायला वेळ होता. मग ती खिडकीतून वाकून म्हणाली, “दुसरं लग्न करा म्हनतीन लोक. मन होईन तवा करा, नाई तर नका करू. पन गावाले येत जा. पोरगी गेली म्हनून तुमी काही परके नाई झाले.”

“येईन, मामी.”

“नुसतं म्हनू नका.”

“पोळ्याले येतो.”

“पोळा लई लांब हाय. त्याच्या आंधी या.”

बस गेली. गिरिधरनं समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि तिथूनच कळमेश्वरची बस पकडली. फॅक्टरीत रायपूरचा ट्रक भरणं चालू होतं. पत्र्यांचा गठ्ठा एका बाजूला कलला, तशी रुपरावनं कवडूला ओरडून काहीतरी फटकळ ऐकवलं, कवडूनं त्याहून फटकळ उत्तर दिलं, आणि सगळे हमाल हसले. गिरिधरही हसला. आपण हसलो हे त्याला जरा वेळानं कळलं. तेव्हा तो ट्रकच्या मागे गेला आणि गठ्ठ्याला एका बाजूनं हात लावून उभा राहिला.